नाकापासून कवटीच्या तळापर्यंत: म्युकरमायकोसिस कसा पसरतो आणि कुठे अडवता येतो

२०२१ च्या मे महिन्यात पुण्यातल्या कित्येक घरांना एका इंजेक्शनचं नाव तोंडपाठ झालं होतं: अँफोटेरिसिन. कोविडमधून उठून घरी आलेला माणूस पंधरवड्यातच गाल सुजला, डोळा उघडत नाही म्हणून पुन्हा रुग्णालयात जात होता आणि नातेवाईक कुप्यांच्या शोधात गावभर फिरत होते. वर्तमानपत्रांनी या आजाराला ‘काळी बुरशी’ म्हटलं, डॉक्टर त्याला म्युकरमायकोसिस म्हणतात. २८ जून २०२१ पर्यंत देशात ४०,८४५ रुग्णांची नोंद झाली होती आणि ३,१२९ जण दगावले होते. यांतल्या ३१,३४४ जणांना नाक-सायनसमधून डोळ्याकडे आणि मेंदूकडे चढणारा प्रकार झाला होता.

लाट ओसरली आणि बातम्याही थांबल्या. त्यामुळे हा आजार कोविडचाच होता, कोविडबरोबरच गेला, असा समज बऱ्याच जणांचा झाला आहे. तो खरा नाही. पाल्टाउफ या शास्त्रज्ञाने १८८५ साली माणसातल्या या रोगाचं वर्णन करून ठेवलं आहे. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात भारतातल्या १६ रुग्णालयांनी मिळून अशा २८७ रुग्णांची नोंद ठेवली, त्यांतल्या १०० जणांना कोविड झालेलाच नव्हता. अनियंत्रित मधुमेह जिथे आहे तिथे हा आजार आजही अधूनमधून दिसतो. म्हणून तो टप्प्याटप्प्याने कसा सरकतो आणि कोणत्या टप्प्यावर वेळ वाया जातो, हे खडकीत राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी शांतपणे समजून घेतलेलं बरं.

बी सगळीकडे आहे

म्युकरच्या कुळातल्या बुरशी मातीत, पालापाचोळ्यात, शेणखतात, सडक्या भाजीत आणि शिळ्या पावावर वाढतात. त्यांचे बीजाणू, म्हणजे धुळीच्या कणाहून बारीक बिया, हवेत तरंगत असतात. खडकी बाजारातून एक फेरी मारली तरी आपण अशा बिया नाकात घेऊन येतो. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांचा तिथल्या तिथे निकाल लावतात, आपल्याला पत्ताही लागत नाही.

त्यामुळे हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. रुग्णाची खोली, भांडी, कपडे वेगळे करण्याची गरज नाही. २०२१ मध्ये कांद्यावरच्या काळ्या पापुद्र्याने आणि फ्रिजच्या रबरावरच्या काळ्या डागांनीही लोकांची झोप उडवली होती. कांद्यावरची ती बुरशी अ‍ॅस्परजिलस नायजर नावाची, वेगळ्याच कुळातली. कांदा धुऊन घ्या आणि निश्चिंत राहा.

जमीन कशी तयार होते

बी रुजायला शरीरात काही गोष्टी जुळून याव्या लागतात. पहिली म्हणजे खूप वाढलेली आणि बरेच दिवस वाढलेलीच राहिलेली साखर. अशा रक्तात पांढऱ्या पेशी मंदावतात. साखर फारच हाताबाहेर गेली की रक्त आम्लधर्मी होतं, त्याला कीटोअ‍ॅसिडोसिस म्हणतात. एरवी शरीर लोह प्रथिनांना घट्ट बांधून ठेवतं, या अवस्थेत ते सुटं होतं आणि म्युकरला वाढीसाठी नेमकं लोहच हवं असतं. मधुमेही माणसाला उलट्या, पोटदुखी, धाप, श्वासाला गोडसर वास असं काही दिसलं तर बुरशीचा विचार नंतर करा, आधी तातडीने रुग्णालयात न्या.

दुसरी गोष्ट स्टेरॉइड. २०२० च्या जूनमध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीने दाखवलं की डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस दिलं, तर ऑक्सिजन लागणाऱ्या कोविड रुग्णांचे प्राण वाचतात. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा दिसला नाही. आपल्याकडे मात्र साध्या तापावरही ते सुरू झालं, चिठ्ठी एकाकडून दुसऱ्याकडे गेली, गोळ्या तीन-तीन आठवडे चालल्या आणि घरात साखर कोणी मोजली नाही. सरकारी आकडेवारीत ६४ टक्के रुग्ण मधुमेही होते आणि जवळजवळ ५३ टक्क्यांनी स्टेरॉइड घेतलेलं होतं. औषध वाईट नव्हतं, त्याच्यावरची नजर सुटली होती. आजही दमा, संधिवात किंवा त्वचेच्या आजारासाठी स्टेरॉइड सुरू झालं तर आपण डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारा: किती दिवस घ्यायचं, आणि साखर कधी कधी तपासायची?

रक्ताचा कर्करोग, अवयव प्रत्यारोपण आणि केमोथेरपी यांमुळेही ही जमीन तयार होते. औद्योगिक ऑक्सिजन, ह्युमिडिफायरमधलं नळाचं पाणी, एकच मास्क बरेच दिवस वापरणं, अशी कारणंही त्या काळात पुढे आली. ती सिद्ध झाली नाहीत, म्हणून त्यांत फार शिरत नाही.

पहिला मुक्काम: नाक आणि गाल

सायनस म्हणजे चेहऱ्याच्या हाडांतल्या हवेच्या पोकळ्या. दोन गालांत, दोन कपाळात, नाक आणि डोळा यांच्या मधे जाळीसारख्या लहान लहान, आणि सगळ्यात मागे, डोक्याच्या जवळजवळ मधोमध दोन. या शेवटच्या जोडीला स्फिनॉइड म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

बुरशी बहुधा नाकाच्या आतल्या अस्तरावर रुजते आणि तिथून रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरते. या रोगाचं मर्म इथेच आहे. ती वाहिनीच्या आत वाढते, तिथे रक्त गोठतं, पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो भाग मरतो. मेलेल्या भागात बुरशी आणखी जोमाने पसरते. आपल्याला दिसतो तो काळा रंग मेलेल्या मांसाचा, बुरशीचा नव्हे. म्हणजे काळं दिसेपर्यंत बराच वेळ गेलेला असतो. अगदी सुरुवातीला नाकातलं अस्तर उलट पांढुरकं, फिकट पडतं.

सुरुवातीची लक्षणं बहुतेक वेळा एकाच बाजूला असतात. एक नाकपुडी बंद होते, तपकिरी किंवा रक्तमिश्रित शेंबूड येतो, एका गालात ठणका लागतो आणि सूज येते. सगळ्यात बोलकं लक्षण म्हणजे एका गालाची, वरच्या ओठाची किंवा वरच्या दातांची बधिरता. आपण डोळे मिटून बसा आणि घरातल्या कोणाला तरी कापसाचा बोळा दोन्ही गालांवरून फिरवायला सांगा. एका बाजूला स्पर्श कमी लागला तर ते साध्या सर्दीचं लक्षण नाही. मग आरशासमोर टॉर्च धरून टाळू पाहा. कवळी असेल तर ती आधी काढा, नाहीतर तिच्याखालचा डाग दिसणारच नाही.

पहिली चूक इथे होते. वरची दाढ हलते, दुखते, म्हणून माणूस दातांच्या डॉक्टरकडे जातो. दाढ काढली जाते. जखम भरत नाही, खड्ड्यात उघडं हाड दिसतं, आणखी एक अँटिबायोटिक सुरू होतं. यात आठवडा जातो. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, बुरशीवर त्याचा काही परिणाम होत नाही. मधुमेह्याच्या वरच्या जबड्यातले एकाहून जास्त दात अचानक हलू लागले, तर ‘सायनस पाहून घ्यायचा का?’ हे आपणच विचारा. चांगल्या दंतवैद्याला या प्रश्नाचा राग येत नाही. किंबहुना २०२१ मध्ये कित्येक रुग्ण दंतवैद्यांनीच पहिल्यांदा ओळखले.

दुसरा मुक्काम: डोळा

नाक आणि डोळा यांच्यामधलं हाड इतकं पातळ असतं की शरीरशास्त्रात त्याचं नावच कागदावरून पडलं आहे. रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू जाण्यासाठी आसपास वाटाही आहेत. बुरशी त्यांतून डोळ्याच्या खोबणीत येते.

पापणी सुजते, मग खाली पडते. डोळा लाल होतो, पुढे येतो, हलेनासा होतो. एकाची दोन दिसू लागतात. दृष्टी धूसर होते आणि काही वेळा एका रात्रीत जाते. घरचे म्हणतात, ‘डोळे आले असतील’ किंवा ‘रांजणवाडी झाली असेल’. डोळे येतात तेव्हा डोळा चिकटतो, खुपतो, पण त्याची हालचाल शाबूत असते आणि एकाची दोन दिसत नाहीत. पापणी पडणं, दोन दिसणं किंवा नजर कमी होणं यांतलं एकही असेल, तर मेडिकलमधून थेंब आणून दोन दिवस वाट पाहू नका.

तिसरा मुक्काम: कवटीचा तळ

मेंदू ज्या हाडांच्या बैठकीवर टेकलेला असतो ती बैठक म्हणजे कवटीचा तळ. वरून मेंदू, खालून नाक आणि सायनस. बुरशी तिथे तीन वाटांनी पोहोचते. हा भाग जरा सावकाश वाचा, पुढचे उपचार यावरच ठरतात.

पहिली वाट सरळ वर जाते. नाकाच्या छताचं हाड बारीक छिद्रांचं असतं, वास ओळखणाऱ्या मज्जातंतूंचे धागे त्यांतून वर जातात. इथून बुरशी मेंदूच्या पुढच्या भागाला भिडते. माणूस सुस्त होतो, विचारलेल्याचं उत्तर भलतंच देतो, कशातच त्याचं लक्ष लागत नाही. ‘आजारपणाने थकलाय’ म्हणून हे सहज सोडून दिलं जातं.

दुसरी वाट स्फिनॉइडमधून. याच्या भिंतीला लागून दृष्टीचा मज्जातंतू जातो आणि मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी, कॅरॉटिड, जाते. बाजूलाच कॅव्हर्नस सायनस नावाचा शिरांचा साठा आहे. नावात सायनस असलं तरी तिथे हवा नसते, रक्त असतं. डोळा हलवणारे तीन मज्जातंतू आणि कपाळ-गालाला स्पर्शज्ञान देणारे दोन तंतू या साठ्यातून किंवा त्याच्या भिंतीतून जातात. म्हणून एकाच वेळी पापणी पडणं, डोळा सर्व दिशांनी जखडणं आणि कपाळ बधिर होणं असं दिसलं की अनुभवी डॉक्टरचं बोट नेमकं या जागेवर जातं. कॅरॉटिडमध्ये गुठळी झाली तर विरुद्ध बाजूच्या हातापायाला अर्धांगवायू होतो. पन्नाशीच्या मधुमेह्याला लकवा झाला की सगळं घर मेंदूकडे पाहू लागतं. आठवड्यापूर्वी त्याचा गाल सुजला होता, हे सांगायचंच राहून जातं. आपण ते सांगा.

तिसरी वाट सगळ्यात फसवी. गालाच्या सायनसच्या मागे बोटाच्या पेराएवढी एक खोलगट जागा आहे, टेरिगोपॅलाटाइन खाच. तिथे वरच्या जबड्याच्या धमनीच्या फांद्या आणि गालाचा मज्जातंतू एकत्र येतात. तिथून डोळ्याकडे, टाळूकडे, जबड्याच्या स्नायूंकडे आणि हाडातल्या बोगद्यांतून थेट कवटीच्या आत रस्ते फुटतात. बुरशी मज्जातंतूच्या कडेकडेने सरकते आणि तळाच्या हाडाच्या मगजात शिरून बसते. नाकातून दुर्बीण घातली तर वरून सगळं स्वच्छ दिसू शकतं. हाडातला हा संसर्ग, म्हणजे कवटीच्या तळाचा ऑस्टिओमायलायटिस, शस्त्रक्रिया होऊन घरी गेलेल्या रुग्णात काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी डोकं वर काढतो. २०२१ च्या उत्तरार्धात डॉक्टरांसमोर असे रुग्ण येत राहिले. त्यांची तक्रार एवढीच असायची, की डोक्यात खोल, डोळ्यामागे किंवा मानेच्या वरच्या टोकाशी, रात्री वाढणारं दुखणं आहे आणि गोळीने ते थांबत नाही.

निदान: दुर्बीण, तुकडा, एमआरआय

जायचं ते कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे. तेच नाकातून दुर्बीण घालतात. पाच-दहा मिनिटांचं काम असतं, नाक फवाऱ्याने बधिर करतात. फिकट किंवा काळा पडलेला, टोचलं तरी न दुखणारा आणि रक्त न येणारा भाग दिसला की त्याचा तुकडा काढतात.

तुकडा हा शब्द महत्त्वाचा आहे. नुसता कापसाचा बोळा फिरवून घेतलेला नमुना पुरत नाही, कारण बुरशी अस्तराच्या आत रुतलेली असते. तुकड्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. या तपासणीला केओएच म्हणतात आणि तिचा निकाल त्याच दिवशी मिळू शकतो. रुंद, फितीसारखे, आडवे पडदे नसलेले आणि काटकोनात फुटणारे तंतू दिसले तर म्युकर. बारीक, पडदे असलेले, निमुळत्या कोनात फुटणारे तंतू दिसले तर बहुधा अ‍ॅस्परजिलस. हा फरक नुसता पुस्तकी नाही. अ‍ॅस्परजिलसवर उत्तम चालणारं व्होरिकोनाझोल हे औषध म्युकरवर चालत नाही.

तुकड्याचे दोन भाग करतात. फॉर्मॅलिनमधला भाग पॅथॉलॉजीकडे जातो, सलाइनमधला कल्चरसाठी, म्हणजे बुरशी वाढवून पाहण्यासाठी. सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर बुरशी मरते आणि कल्चर करताच येत नाही. गडबडीत ही चूक होते. कल्चरला काही दिवस लागतात आणि आजार असूनही ते बऱ्याचदा कोरं येतं, त्यामुळे त्याच्यासाठी उपचार थांबवून ठेवत नाहीत. ह्यूस्टनच्या कर्करोग रुग्णालयातल्या ७० रुग्णांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. निदानानंतर पाच दिवसांच्या आत अँफोटेरिसिन मिळालेल्यांपैकी जवळजवळ ४९ टक्के बारा आठवड्यांत दगावले, सहा दिवस किंवा जास्त उशीर झालेल्यांपैकी ८३ टक्के. ते रुग्ण रक्ताच्या कर्करोगाचे होते, तरी दिवसांचं मोल सगळीकडे सारखंच.

सीटी स्कॅन हाड चांगलं दाखवतो, पण सुरुवातीला त्यात साधा सायनसचा त्रासच दिसतो. ‘हाड शाबूत आहे’ हे वाक्य वाचून निर्धास्त होऊ नका, कारण बुरशी हाड न खाताही वाहिन्या आणि तंतूंच्या वाटेने पुढे जाते. डोळा, मज्जातंतू, कॅव्हर्नस सायनस आणि हाडाचा मगज पाहायला कॉन्ट्रास्ट देऊन केलेला एमआरआय लागतो. कॉन्ट्रास्ट हे शिरेतून देतात ते द्रव्य. जिवंत भाग ते शोषून उजळतो, मेलेला भाग काळा राहतो. मधुमेह्याची मूत्रपिंडं आधीच नाजूक असू शकतात, म्हणून त्याआधी क्रिएटिनिनची तपासणी झाली आहे ना, एवढं विचारून घ्या.

आता उलट बाजूची भीती. रिपोर्टमध्ये ‘फंगल’ शब्द दिसला की सगळंच म्युकर नसतं. सायनसमधला बुरशीचा गोळा आणि बुरशीच्या अ‍ॅलर्जीने होणारा सायनसचा त्रास हे दोन्ही प्रकार अस्तराच्या आत घुसत नाहीत आणि धट्ट्याकट्ट्या माणसातही सापडतात. ‘इन्व्हेसिव्ह’, म्हणजे आत घुसणारा, हा शब्द आहे का ते पाहा.

उपचार: तिन्ही एकदम

साखर ताब्यात आणणं, मेलेला भाग कापून काढणं आणि बुरशीनाशक देणं ही तीन कामं एकाच वेळी सुरू होतात. नुसत्या औषधाने का भागत नाही, हा प्रश्न प्रत्येक नातेवाइकाच्या मनात येतो. औषध रक्तातून जातं आणि त्या भागाचा रक्तपुरवठा तर आधीच तुटलेला असतो. पाटाचं पाणी बंद असताना पाण्यातून सोडलेलं खत पिकापर्यंत पोहोचत नाही, तसंच हे.

सर्जन ताजं रक्त वाहणारा, म्हणजे जिवंत भाग लागेपर्यंत मेलेला भाग काढत जातो. बहुतेक काम नाकातूनच दुर्बिणीने होतं. टाळू किंवा वरचा जबडा गेला असेल तर तो काढावा लागतो. संसर्ग पुन्हा दिसला तर पुन्हा आत जावं लागतं. ‘पहिलं ऑपरेशन फसलं का?’ असं वाटणं साहजिक आहे, पण या आजारात दुसरी-तिसरी फेरी अपेक्षितच असते. डोळा काढायचा का, हा निर्णय सगळ्यात जड. पूर्वी तो लवकर घेतला जाई. आता नजर शाबूत असेल तर डोळ्यामागे औषधाची इंजेक्शनं देऊन तो राखण्याचा प्रयत्न बऱ्याच ठिकाणी होतो. कवटीच्या तळाशी मात्र कॅरॉटिडला चिकटलेला भाग पूर्ण खरवडता येत नाही. तिथे मेंदूचे सर्जन सोबत लागतात आणि उरलेली भिस्त दीर्घ औषधांवर असते.

ते औषध म्हणजे अँफोटेरिसिन-बी. १९५० च्या दशकात व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या सूक्ष्मजीवापासून ते मिळालं. खडकीहून दापोडी, कासारवाडी ओलांडलं की लागणाऱ्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. थिरुमलाचार यांनी याच घराण्यातलं हॅमायसिन शोधलं. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळालं त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना, आपल्या पिंपरीवरूनच. शिरेतून देण्याइतकं ते सौम्य नसल्याने वरून लावण्यापुरतंच राहिलं, पण शेजारच्या गावाचं नाव असं शास्त्रात नोंदलेलं आहे याची मौज वाटते.

अँफोटेरिसिनचं साधं रूप स्वस्त, पण ते मूत्रपिंडांवर जड जातं आणि देताना हुडहुडी भरते. लायपोसोमल रूपात औषध चरबीच्या सूक्ष्म कणांत गुंडाळलेलं असतं, त्यामुळे ते जास्त मात्रेत देता येतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि सहकाऱ्यांनी दिल्ली विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांसोबत याचं भारतीय रूप विकसित केलं.

आता हिशेब. लायपोसोमलची नेहमीची मात्रा दर किलो वजनामागे रोज ५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या ६ कुप्या रोज. मेंदूपर्यंत पसरलं असेल तर दुप्पटही लागू शकतात. तीन आठवड्यांच्या १२६ कुप्या होतात. २०२१ मध्ये एका कुपीचा भाव सात हजारांच्या घरात गेला होता, म्हणजे औषधाचेच आठ-नऊ लाख. तेव्हा साठा सरकारी नियंत्रणात होता आणि मे महिन्याच्या अखेरीस वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसने १,२०० रुपयांत इमल्शन प्रकारचं इंजेक्शन बनवायला घेतलं.

कुपी बाहेरून आणायची वेळ आलीच, तर नाव नीट वाचून घ्या. साध्या अँफोटेरिसिनची मात्रा किलोमागे १ ते दीड मिलिग्रॅमच असते. लायपोसोमलच्या हिशेबाने साधं औषध दिलं गेलं तर ते जिवावर बेतू शकतं. ‘अँफोटेरिसिन मिळालं’ एवढ्यावर समाधान न मानता खोक्यावरचा प्रकार चिठ्ठीशी ताडून पाहा आणि परिचारिकेलाही दाखवा.

हे औषध फक्त ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या, म्हणजे ग्लुकोजच्या पाण्यातून देतात, मिठाच्या सलाइनमध्ये ते साकळतं. ‘साखर वाढलेल्या माणसाला ग्लुकोज कसं लावताय?’ म्हणून वॉर्डात वाद घालू नका. इन्सुलिनने ते सांभाळतात. औषध सुरू असेपर्यंत क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम वरचेवर तपासतात. पोटॅशियम घसरलं की पायांत गोळे येतात, अशक्तपणा जाणवतो, हृदयाचे ठोके बिघडतात. पायांत गोळे येतात असं रुग्ण म्हणाला तर ते लगेच डॉक्टरांच्या कानावर घाला.

खडकीतून कुठे

पहिली तपासणी आणि साखर पाहणं हे कॅन्टोन्मेंटच्या रुग्णालयात किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे होईल. पण गाल बधिर किंवा डोळा सुजलेला असेल तर जिथे कान-नाक-घसा, डोळे, मेंदूची शस्त्रक्रिया आणि एमआरआय एकाच छताखाली आहे तिथेच जावं. सरकारी व्यवस्थेत वाकडेवाडीवरून पुढे पुणे स्टेशनजवळचं ससून, किंवा उलट्या दिशेला पिंपरीचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, म्हणजे वायसीएम. लष्करातल्यांना आणि माजी सैनिकांना खडकीच्या मिलिटरी हॉस्पिटलमधून वानवडीच्या कमांड हॉस्पिटलकडे पाठवता येतं.

२०२१ मध्ये राज्याने म्युकरचा उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मोफत केला. २०२३ मध्ये ही योजना सर्व शिधापत्रिकाधारकांसाठी खुली करण्याचा आणि संरक्षण ५ लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला. भरती होतानाच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. बिल झाल्यावर योजना आठवली तर फार काही हाती लागत नाही.

घरी आल्यावर

इंजेक्शनं संपली की पोसाकोनाझोल किंवा आयसाव्हुकोनाझोलच्या गोळ्या सुरू होतात. पोसाकोनाझोल पहिल्या दिवशी ३०० मिलिग्रॅम दोनदा, मग रोज एकदा, जेवणासोबत. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी त्याचं जमत नाही, म्हणून आधीपासून सुरू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पिशवीच डॉक्टरांसमोर ठेवा. गोळ्या महाग असतात आणि महिनोन्‌महिने चालतात. माणूस हिंडूफिरू लागला की घरात ‘आता पुरे’ सुरू होतं. तळाच्या हाडातला संसर्ग बहुधा याच टप्प्यावर परततो. गोळी बंद करण्याचा निर्णय स्कॅन पाहूनच व्हावा.

टाळू काढलेल्या माणसाचं पाणी नाकातून येतं, बोलणं कळत नाही. त्याला ऑब्चुरेटर, म्हणजे भोक बुजवणारी टाळूची प्लेट, बसवतात. दंत महाविद्यालयांत ती कमी खर्चात होते. प्लेट रोज काढून धुवावी आणि त्याच वेळी टॉर्चने आतली जागा पाहावी. नाक धुवायला सांगितलं असेल तर पाणी उकळून गार केलेलंच घ्या.

दुर्बिणीची तपासणी सुरुवातीला दर आठवड्याला, मग हळूहळू लांबवत नेतात. एमआरआय पुन्हा करायचा झाला तर जुन्या एमआरआयची सीडी आणि कागद सोबत न्या. शस्त्रक्रियेनंतरचं भरून येणं आणि नव्याने वाढणारा संसर्ग फिल्मवर बरेचदा सारखेच दिसतात. आधीचं चित्र शेजारी ठेवल्याशिवाय रेडिओलॉजिस्टलाही ते नीट ओळखता येत नाहीत.